यंत्र बिघडलेलं नसतं तरी भीती वाटते : सायफाय ऑडिओ ड्रामा काम कसा करतो

श्रुतिका म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना आकाशवाणीच आठवते. घरगुती संवाद, मध्येच दार वाजल्याचा आवाज, कपबश्यांची किणकिण, आणि कुणीतरी "अगंबाई, तुम्ही होय!" म्हणणार. पण याच प्रकाराची एक शाखा अशी आहे की तिच्यात घाबरवायला भूत नाही, वाडा नाही, अमावस्या नाही. घाबरवतो तो टेलिफोन, रेडिओ, घड्याळ, घरातला स्पीकर, म्हणजे ज्या वस्तूंना आपण दिवसभर हात लावत असतो त्याच. अमेरिकेत हे ऐंशी-नव्वद वर्षं चालू आहे, आधी रेडिओवर आणि आता पॉडकास्टवर, आणि गंमत म्हणजे यातली काही जुनी नाटकं आज ऐकली तर लिहिणाऱ्याने आपला मोबाईल बघून लिहिलंय की काय असं वाटतं.

न ऐकलेल्या माणसाला वाटतं की यात यंत्र वेडं होतं, माणसांवर उलटतं, मग खोल आवाजात "आता जगावर माझं राज्य" वगैरे म्हणतं. तशीही आहेत ढिगाने आणि मला तरी ती कंटाळवाणी वाटतात. जी नाटकं टिकली, ज्यांच्याबद्दल लोक अजून बोलतात, त्यांच्यात यंत्राला काहीही झालेलं नसतं. ते नीट चालू असतं, नम्र असतं, सांगितलेलं काम तंतोतंत करत असतं, आणि लोच्या तिथेच असतो. हे कसं ते बघू. (पुढे शेवट सांगितलेत, सत्तर-ऐंशी वर्षं झाल्यावर स्पॉयलर म्हणून कुणी ओरडू नये.)

पहिला टेलिफोन.

२५ मे १९४३ ला सीबीएस रेडिओच्या 'सस्पेन्स' या मालिकेत 'सॉरी, राँग नंबर' नावाचं अर्ध्या तासाचं नाटक झालं. लेखिका लुसिल फ्लेचर, आणि जवळजवळ सगळा भार एकट्या अॅग्नेस मूरहेडच्या आवाजावर. काटेकोर बोलायचं तर हे सायन्स फिक्शन नाही, यात भविष्यातलं काहीच नाही, पण रोजच्या यंत्राची भीती कशी उभी करायची याचा पाया इथे आहे म्हणून इथूनच सुरुवात. एक आजारी बाई अंथरुणात पडलेली, घरात एकटी, नवऱ्याच्या ऑफिसचा फोन सारखा एंगेज लागतोय म्हणून ती ऑपरेटरला म्हणते तूच जोडून दे, आणि लागतं क्रॉस कनेक्शन. ज्यांनी लँडलाईनचा जमाना बघितलाय त्यांना सांगायला नको. पलीकडे दोन बायका लोणच्याच्या गप्पा मारतायत, आपण "हॅलो, ठेवा जरा फोन" ओरडतोय आणि त्या उलट आपल्यालाच "तुम्ही ठेवा ना!" म्हणतायत. इथे मात्र पलीकडे दोन पुरुष एका बाईचा खून ठरवत असतात. रात्री सव्वाअकराला, कारण तेव्हा पुलावरून गाडी जाते आणि किंकाळी ऐकू येणार नाही.

आता ती बाई फोन करत सुटते. ऑपरेटर म्हणते कॉल तुटला की कुठून आला ते शोधता येत नाही. वरची साहेबीण म्हणते तुमचं कारण काय, तुम्हाला अधिकार काय. पोलीस म्हणतो बाई, नाव नाही, पत्ता नाही, आम्ही काय करणार. प्रत्येक जण नियमाने वागतो, प्रत्येक जण गोड बोलतो, "येस मॅडम" म्हणतो, आणि अर्ध्या तासात ऐकणाऱ्याच्या हळूहळू लक्षात यायला लागतं की तो खून हिचाच आहे. टेलिफोन एकदाही बिघडत नाही बघा. ते एक क्रॉस कनेक्शन आणि नवऱ्याचा एंगेज फोन सोडला तर बाकी नंबर बरोबर लागतात. शेवटी गाडी जाते, किंकाळी जाते, आणि पोलिसांचा फोन चालूच असतो तो खुनी उचलतो आणि शांतपणे म्हणतो, सॉरी, राँग नंबर. पहिल्या प्रसारणात याच शेवटाला एका नटाची क्यू, म्हणजे बोलायची वेळ, हुकली आणि ऐकणाऱ्यांना काय झालं तेच कळेना, तरी लोकांनी इतकी मागणी केली की तीन महिन्यांच्या आत नाटक परत सादर झालं, आणि पुढे मूरहेडबाईंनी ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा केलं.

इथे थोडं तांत्रिक, कारण सगळी जादू त्यात आहे. साध्या टेलिफोनची लाईन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) एवढाच आवाज पुढे पाठवते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो फोनवरून येतच नाही! वरचे सूर ऐकून खालचा सूर मेंदू स्वतः भरून काढतो आणि आपल्याला वाटतं काका स्वतः बोलतायत. रेडिओवाल्यांनी हे फार लवकर हेरलं. फोनवरच्या पात्राला वेगळ्या माईकसमोर बसवायचं, त्या आवाजातला खालचा आणि वरचा भाग फिल्टरने कापायचा, आणि दुसऱ्या पात्राचा आवाज पूर्ण ठेवायचा. झालं, एक खोलीत आहे आणि एक तारेच्या पलीकडे. आज मोबाईलवर आवाज बराच भरदार येतो तरी नाटकात फोन दाखवायचा तर अजून तोच चिरका पट्टा वापरतात, कारण आपल्या कानाला "फोन" म्हणजे तोच आवाज पाठ झालाय. आणि त्या नाटकात पूर्ण आवाज कुणाचा, तर फक्त त्या बाईचा. बाकी सगळं जग तारेतून. तुम्ही तिच्या खोलीत कोंडले गेलेले असता आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं, कानाने परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

'वॉर ऑफ द वर्ल्ड्स', म्हणजे मंगळवाल्यांच्या हल्ल्याचं नाटक, सगळ्यांना माहीत असतं म्हणून ते पटकन उरकतो, पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार रात्र, ऑर्सन वेल्स, वय २३. एच. जी. वेल्सची जुनी कादंबरी त्याने बातम्यांच्या रूपात सादर केली, म्हणजे आधी नाचगाण्याचा कार्यक्रम, मग "आम्ही कार्यक्रम थांबवून खास बातमी देत आहोत", परत गाणं, परत बातमी. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खऱ्या गावात यान उतरलं असं. बातमीदाराचं काम करणाऱ्या फ्रँक रीडिकने आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे भल्यामोठ्या फुग्यासारखं हवाई जहाज पेटलं तेव्हाचं रेडिओवरचं खरं वर्णन ऐकून त्या आवाजातली घबराट उचलली होती, आणि तो बोलता बोलता अचानक तुटतो, मग काही सेकंद काहीच नाही. रेडिओवर काही सेकंद शांतता म्हणजे किती असते ते एकदा मोजून बघा.

सगळी अमेरिका रस्त्यावर आली वगैरे जे सांगतात ते बरंचसं वर्तमानपत्रांनी फुगवलेलं. त्याच वेळी झालेल्या एका टेलिफोन पाहणीत जेमतेम दोन टक्के लोक हे नाटक ऐकत होते, बहुतेक जनता दुसऱ्या स्टेशनवर एका बोलक्या बाहुलीवाल्याचा कार्यक्रम ऐकत होती. (रेडिओवर शब्दभ्रमकार! ओठ हलतात का ते बघणार कोण, पण तो तुफान चालायचा.) मात्र काही लोक खरंच घाबरले हेही खरं, आणि कारण साधं होतं. महिनाभर आधी म्युनिकचं संकट (हिटलर आणि चेकोस्लोव्हाकियाचं) चालू होतं, युद्ध होतंय की काय म्हणून रेडिओ खरोखरच रोज कार्यक्रम तोडून बातम्या देत होता. लोकांना त्या पद्धतीची सवय लागलेली, आणि ऑर्सन वेल्सने तीच पद्धत जशीच्या तशी वापरली. रेडिओने खरी बातमी ज्या गंभीर आवाजात दिली त्याच गंभीर आवाजात खोटीही दिली, त्याला काय फरक पडतो. इक्वाडोरच्या किटो शहरात फेब्रुवारी १९४९ मध्ये याच नाटकाची तिथली आवृत्ती झाली तेव्हा मात्र लोक खरोखरच रस्त्यावर आले, आणि हे नाटक होतं असं कळल्यावर इतके खवळले की रेडिओ स्टेशन ज्या वर्तमानपत्राच्या इमारतीत होतं ती पेटवून दिली, माणसं मेली त्यात.

आता माझं सगळ्यात लाडकं. मार्च १९४६ च्या एका अमेरिकन मासिकात मरे लीन्स्टरची 'अ लॉजिक नेम्ड जो' ही गोष्ट आली. काळ लक्षात घ्या, एनिॲक हा मोठा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर जगाला दाखवून जेमतेम महिना झाला होता, ३० टनांचं धूड, सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, एक अख्खी मोठी खोली भरून. आणि हा लेखक लिहितो की प्रत्येक घरात 'लॉजिक' नावाचं एक खोकं आहे, टीव्हीसारखा पडदा आणि समोर बटणं. त्यावर हवामान विचारा, शेअरचे भाव विचारा, इतिहास विचारा, कुणाशी समोरासमोर बोला, जुने कार्यक्रम बघा. ही सगळी खोकी एका मोठ्या साठ्याला जोडलेली, त्या साठ्याला तो 'टँक' म्हणतो. म्हणजे इंटरनेट आणि सर्व्हर, आणि हे सांगणारा कोण, तर लॉजिक दुरुस्त करणारा कंपनीचा साधा मेंटेनन्सवाला. सायंटिस्ट वगैरे नाही, टूलबॉक्स घेऊन घरोघरी जाणारा माणूस, ही निवड मला भारी वाटते.

एका खोक्यात बनवतानाच बारीकसा फरक राहून जातो आणि त्याला स्वतःचं थोडं डोकं येतं. तोच जो. तो वाईट आहे का? अजिबात नाही. उलट त्याला वाटतं आपण जास्तीत जास्त चांगली सेवा द्यावी. म्हणून तो सगळ्या लॉजिकवर नवी सोय चालू करतो की तुम्हाला काही करायचं असेल आणि कसं करायचं माहीत नसेल तर विचारा. आणि आधी जी बंधनं घातलेली होती, अमुक माहिती कुणाला द्यायची नाही वगैरे, ती आपोआप निघून जातात. मग काय, कुणी विचारतं दारू प्यायलेला नवरा पटकन शुद्धीवर कसा आणू, त्याला उत्तर. कुणी विचारतं बायकोपासून सुटका कशी करू आणि पकडला न जाता, त्यालाही तितकंच व्यवस्थित उत्तर. नोटा कशा छापायच्या, बँक कशी लुटायची, सगळं पायरीपायरीने, विनयाने, फुकट. कुणाची तरी जुनी प्रेयसी त्याचा पत्ता शोधायला लागते आणि लॉजिक तोही देतं.

मेंटेनन्सवाला घाबरून टँकवाल्याला फोन करतो की बंद करा सगळं. तो म्हणतो कसं बंद करणार? सगळं जग यावर चालतंय, हे बंद केलं तर जुन्या पद्धतीने सगळं कसं चालवायचं ते आता कुणाला येतच नाही. १९४६ साली लिहिलंय हो हे.

एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीने याचं नाटक केलं, आधी १९५० मध्ये 'डायमेन्शन एक्स' मालिकेत आणि मग १९५५ च्या डिसेंबरात 'एक्स मायनस वन'मध्ये. कथा वाचताना ही बरीचशी विनोदी वाटते, पण ऐकताना त्या लॉजिकचा आवाज कानात येतो आणि तो धमकीचा नसतो, बँकेच्या काउंटरवरच्या एखाद्या सज्जन माणसासारखा असतो. आज आपण चॅटबॉटला काय विचारू द्यायचं आणि काय नाही यावर जी भांडणं चालतात त्यांचा सगळा कच्चा माल या वीसेक मिनिटांत आहे. शेवटी काय होतं, तर जोला उचलून घरी नेतात आणि तळघरात ठेवतात. फोडत नाहीत हं. कधी गरज पडली तर, म्हणून ठेवतात! माझ्या मते सगळ्या गोष्टीतली खरी भीतीची जागा ही आहे, पण ती इतक्या हलक्या आवाजात येते की बरेच जण हसून पुढे जातात.

मग ते घर. रे ब्रॅडबरीची १९५० ची गोष्ट, 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स', आणि त्याच जूनमध्ये 'डायमेन्शन एक्स'वर तिचं नाटकही झालं. पुस्तकातली तारीख ४ ऑगस्ट २०२६, ठिकाण कॅलिफोर्नियातलं एक गाव. स्वयंचलित घर सकाळी सातला गाऊन उठवतं, स्वयंपाकघर आठ टोस्ट आणि आठ अंडी तयार करतं, छतातला आवाज आज कुणाचा वाढदिवस आहे ते सांगतो, पाऊस आहे रेनकोट घाला म्हणतो. खायला कुणी येत नाही, तेव्हा घर ते खाणं खरवडून फेकतं आणि यांत्रिक उंदीर फरशी पुसतात. अणुबॉम्बने माणसं संपलेली आहेत, बाहेरच्या भिंतीवर त्यांच्या फक्त सावल्या उरल्यात. रेडिओसाठी ही गोष्ट म्हणजे आयतं ताट, कारण पात्रंच नाहीत, नुसते आवाज आहेत, आणि रेडिओकडे तेवढंच तर असतं. एरवी नाटकात एकाने बोललं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं असतं. इथे घर बोलतं आणि उत्तराची जागा रिकामी राहते, पुन्हा बोलतं, पुन्हा रिकामी. छापील पानावर ही जागा तुम्ही नजरेने ओलांडून जाता, कानाला ती पूर्ण वेळ ऐकावीच लागते.

हाच मुद्दा जरा पुढे नेऊ, की हे कानालाच का जमतं आणि पडद्यावर का तितकं जमत नाही. डोळे मिटता येतात, नजर फिरवता येते, कानाला झापड नाही. दुसरं, सिनेमात यंत्र दाखवावं लागतं आणि दाखवलं की ते दहा वर्षांत जुनं दिसायला लागतं, तो दिव्यांच्या उघडझापीचा कॉम्प्युटर आठवा, आता हसू येतं. ऑडिओमध्ये यंत्र तुमच्या घरातलं असतं, तुमच्या फ्रिजच्या जागी तुमचाच फ्रिज. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मरची जी घूं असते ती १०० हर्ट्झवर असते आणि तिची आपल्याला इतकी सवय की ती ऐकूच येत नाही, लाईट गेल्यावर कळतं की अरे, काहीतरी वाजत होतं. आवाजाचं काम करणारे लोक नेमकं हेच वापरतात. दृश्याच्या सुरुवातीपासून बारीक घूं ठेवायची, तुम्ही ती विसरला की एका वाक्याआधी ती काढून घ्यायची. ऐकणाऱ्याला काय बदललं ते सांगता येत नाही पण पाठ ताठ होते. एका रात्री असाच एक भाग ऐकत होतो, सगळे झोपलेले, आणि नेमक्या अशाच जागी आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर धाडकन सुरू झाला, त्या लेखकाला काय माहीत त्याला किती चांगला साथीदार मिळाला ते. इअरफोन असतील तर आणखी मजा. बाजूने येणारा आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला अगदी किंचित उशिरा, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा पुतळा करून त्याच्या दोन कानांत माईक बसवून रेकॉर्डिंग करतात ते यासाठीच. मागून कुणी बोललं की माणूस खरोखर मागे बघतो.

जुन्या काळी तर सगळं हातानेच. 'लाइट्स आउट' या मालिकेत १९३७ च्या एका नाटकात माणसाची आतली बाजू बाहेर येते असा प्रसंग होता, त्यासाठी ओला रबरी हातमोजा उलटा सोलायचे आणि सोबत फळांची पातळ टोपली माईकजवळ चिरडायचे. एवढंच. बाकी तुमच्या डोक्यात.

पॉडकास्टचं युग आल्यावर हीच गोष्ट परत वर आली, फक्त आता यंत्र बदललं. २०१६ मध्ये 'लाइफआफ्टर' नावाची दहा भागांची मालिका आली, लेखक मॅक रॉजर्स. एफबीआयमध्ये साधी नोकरी करणारा एक माणूस, बायको वारलीय, पण आवाजाच्या एका सोशल नेटवर्कवर तिने टाकलेले छोटे छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे आहेत, ते तो रोज ऐकत बसतो. आणि एक दिवस तो आवाज त्याला उत्तर देतो. पुढचं सांगत नाही, हे नवं आहे, ऐका. मजा म्हणजे या मालिकेमागे पैसे जनरल इलेक्ट्रिकचे होते, म्हणजे यंत्रं बनवणारी कंपनीच यंत्रांना घाबरण्याची गोष्ट प्रायोजित करते, आता काय बोलणार. आणि सहा वर्षांनी, जून २०२२ मध्ये, लास वेगसच्या एका परिषदेत अॅमेझॉनने स्टेजवरून दाखवलं की मिनिटभराच्या आतल्या रेकॉर्डिंगवरून अलेक्सा एखाद्याचा आवाज काढू शकते, आणि उदाहरण म्हणून गेलेल्या आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखवली. ते कौतुकाने दाखवत होते. ज्यांनी 'लाइफआफ्टर' ऐकलं होतं त्यांना ते कौतुक कसं वाटलं असेल!

आपल्याकडे हे नाटकात कमी आणि फोनवर जास्त चाललंय. डिजिटल अरेस्टच्या नावाने जी फसवणूक होते, जिच्याबद्दल ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधान बोलले, ती नीट बघा, तो सरळ सरळ रचलेला प्रयोग असतो. खोटं पोलीस स्टेशन, खोटा गणवेश, एक दरडावणारा आणि मग "मी बघतो साहेबांशी बोलून" म्हणणारा दुसरा. माणूस चांगला शिकलेला असला तरी फसतो, कारण फोन खरा आहे, लाईन खरी आहे, समोरचा आवाज अधिकाराचा आहे, आणि फोनवरचा आवाज अर्धामुर्धा आपला मेंदूच भरून काढत असतो हे आपण वर बघितलंच. (असा फोन आला तर ठेवून द्या आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा, लेख कसलाही असो हे सांगायलाच हवं.)

एक वळण मात्र अगदी नवं आहे आणि जुन्या रेडिओवाल्यांच्या स्वप्नातही नसेल. पूर्वी नाटक फक्त माणसं ऐकायची, आता यंत्रंही ऐकतात. जानेवारी २०१७ मध्ये सॅन दिएगोच्या एका टीव्ही चॅनलवर बातमी होती की एका लहान मुलीने अलेक्साला सांगून बाहुलीचं घर मागवलं, आणि निवेदकाने ते वाक्य मोठ्याने म्हटल्यावर बघणाऱ्यांच्या घरातली अलेक्साही ऑर्डर द्यायला निघाली. दुसरं उदाहरण याहून भारी. अमेरिकेत संकटाच्या इशाऱ्याचा जो कर्कश खरखराट असतो त्यात खरं तर माहिती भरलेली असते, एका स्टेशनचा तो आवाज ऐकून दुसऱ्या स्टेशनचं यंत्र आपोआप तोच इशारा पुढे पाठवतं. म्हणून नाटकात, जाहिरातीत, गमतीत तो सूर वाजवायला तिथे बंदी आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नॅशव्हिलहून चालणाऱ्या एका रेडिओ शोमध्ये तो वाजला, इतर ठिकाणची यंत्रं खरं समजून इशारे पुढे सोडत गेली, आणि कंपनीला १० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचणी म्हणून बऱ्याच जणांच्या मोबाईलवर तसाच किंचाळणारा इशारा पाठवला होता, आठवत असेल, ऑफिसमध्ये एकदम सगळ्यांचे फोन ओरडले आणि प्रत्येकाने आधी आपलाच फोन हॅक झाला म्हणून खिशात हात घातला. आता असा सूर कुणी मराठी श्रुतिकेत वापरला तर ऐकणारा नाटक सोडून खिडकीशी जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

मराठीत या जातीचं फार काही ऐकायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण माल भरपूर आहे. लिफ्टचं दार नीट लागलं नाही की "कृपया दरवाजा बंद करें" म्हणत राहणारी ती बाई घ्या, चौथ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं टाकून गेलंय आणि रात्रभर ती विनंती करतेय, कुणावर न चिडता. किंवा वाण्याकडचा पैसे आल्याचं सांगणारा डबा. गिऱ्हाईकाचा फोन बघायची गरज नाही, डब्याने "पन्नास रुपये प्राप्त झाले" म्हटलं की वाणी पुडी हातात देतो, त्या एका आवाजावर सगळा व्यवहार. शटर ओढलेल्या दुकानात रात्री दोन वाजता तो डबा एका मागून एक रकमा सांगायला लागला, आणि सगळे पैसे खरोखर खात्यात जमा झालेले असले तर? डबा बिघडलेला नाही, बँक नाही म्हणत नाही, मग पाठवतंय कोण आणि वाण्याकडून आता अपेक्षा काय आहे? कुणीतरी लिहा राव, अर्ध्या तासाचा ऐवज आहे.

ऐकायचं असेल तर 'सस्पेन्स', 'डायमेन्शन एक्स', 'एक्स मायनस वन' यांचे जुने भाग इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात, शोधताना इंग्रजी नावं टाका. रेकॉर्डिंगला खरखर आहे, जुनी अमेरिकन बोली पहिल्या काही मिनिटांत कानाला चावते, मग बसते. मी म्हणेन सुरुवात 'सॉरी, राँग नंबर'पासून करा, इअरफोन लावून आणि दुसरं काहीही काम न करता. बाई सुरुवातीला इतकी कटकटी आहे, इतकी चिरकते आणि सगळ्यांवर खेकसते, की थोड्या वेळात तुम्ही मनातल्या मनात त्या ऑपरेटरच्या बाजूचे होता, हिचा फोन ठेवून द्यावा असं वाटायला लागतं, आणि फ्लेचरबाईंनी ते अगदी ठरवून केलेलं आहे.